अपुऱ्या दिवसांचे बाळ

आपल्या वार्षिक अहवालाच्या आर्थिक भागात नवजात अर्भक अतिदक्षता विभागाच्या नावापुढे दरवर्षी तूट दिसते. विश्वस्त मंडळाच्या सभेत त्या आकड्याविषयी प्रश्न विचारला जातो आणि तो विचारला जाणे योग्यच आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. या रुग्णालयात मी हिशेबनीस म्हणून रुजू झालो व पुढे व्यवस्थापनाची जबाबदारी माझ्याकडे आली. वैद्यकशास्त्राचे शिक्षण मला नाही. तथापि या विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईवडिलांचे व आजी-आजोबांचे प्रश्न बहुधा प्रथम माझ्याच टेबलावर येतात. त्यांची उत्तरे डॉक्टरांकडून समजावून घेता घेता जे थोडेफार ज्ञान पदरी पडले, ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातलग यांच्यापुढे ठेवावे, असा या लेखाचा हेतू आहे. वैद्यकीय मजकूर आपल्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून दिला आहे. मते मात्र माझी आहेत.

गर्भाचा पूर्ण काळ चाळीस आठवड्यांचा मानतात. सदतिसावा आठवडा पूर्ण होण्याआधी जे मूल जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे. त्यातही बत्तीस आठवड्यांच्या आतले मूल अधिक नाजूक आणि अठ्ठावीस आठवड्यांच्या आतले अत्यंत नाजूक. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली. हा आकडा जगातील कोणत्याही देशाहून मोठा आहे. म्हणजे आपल्या विभागात येणारे बाळ हे काही दुर्मीळ संकट नव्हे. ते फक्त ज्या घरात येते त्या घराला दुर्मीळ वाटते.

विषय समजण्यासाठी एका कुटुंबाची हकीगत सांगतो. नावे व गाव अर्थातच देत नाही. कुटुंबाची संमती घेतली आहे.

२०२३ च्या जुलै महिन्यात, पावसाच्या एका रात्री, शेतमजुरी करणाऱ्या एका कुटुंबातील गरोदर स्त्री आपल्याकडे आली. पोटात जुळे होते, एकोणतिसावा आठवडा होता आणि कळा सुरू झाल्या होत्या. तिच्यासोबत सासूबाई होत्या, नवरा होता आणि ग्रामीण भागातील एका डॉक्टरांची चिठ्ठी होती. चिठ्ठीवर एका इंजेक्शनचे नाव आणि ते दिल्याची वेळ, इतकेच लिहिलेले होते. आमच्या प्रसूतितज्ज्ञांनी ती चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "अर्धे काम या माणसाने केले आहे." त्या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

मुदतपूर्व प्रसूतीचा धोका दिसताच मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स हे शास्त्रज्ञ मेंढ्यांवर प्रयोग करीत असताना, ज्या कोकरांनी श्वास घेऊ नये अशी अपेक्षा होती ती श्वास घेताना त्यांना आढळली. पुढे त्यांनी व रॉस हॉवी यांनी ऑकलंड येथे गरोदर स्त्रियांवर चाचणी केली व १९७२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध अत्यंत स्वल्प किमतीचे आहे. आपल्या देशात डेक्सामेथासोन वापरतात. त्याच्या बारा बारा तासांच्या अंतराने चार मात्रा द्यावयाच्या असतात, आणि मातेला मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा जागेवरच द्यावी, अशी शासनाची मार्गदर्शक सूचना आहे. या मातेची प्रसूती डॉक्टरांनी औषधांनी शक्य तितकी लांबविली. पहिल्या मात्रेपासून सुमारे तीस तासांनी ती प्रसूत झाली. तोवर तीन मात्रा तिच्या पोटात पोचल्या होत्या. त्या चिठ्ठीतल्या डॉक्टरांना मी नंतर आभाराचे पत्र पाठविले. अशी पत्रे आपण फार कमी लिहितो.

दोन्ही मुलगे. पहिल्याचे वजन १२४० ग्रॅम, दुसऱ्याचे ९१०. किराणा दुकानातील किलोच्या पुड्याशी तुलना करणे बरे नव्हे, पण आजीने ती केली आणि नंतर कोणालाच दुसरी तुलना सुचेना.

जन्मल्याबरोबर दोघांना मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, डोक्याला टोपरे घालून वॉर्मरखाली नेले. हे दृश्य नातलगांनी पाहिले की गैरसमज होतो, म्हणून खुलासा करतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर असतो. याच्या अंगावर तो नसतो. वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग फार मोठा, आणि ती त्वचा इतकी पातळ की तिच्यातून पाणी व उष्णता दोन्ही भराभर निघून जातात. अशा बाळाला थंडी वाजली तर ते कुडकुडत नाही. ते निमूटपणे गार पडते, साखर उतरते, श्वास मंदावतो. पिशवीमुळे त्वचेतील ओलावा आत राहतो. बाळाच्या काखेतील तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखणे हे या विभागातील पहिले काम आहे. लोक ज्याला 'काचेची पेटी' म्हणतात तिचे प्रयोजनही हेच. ती बाळाला बरे करीत नाही, ऊब देते. पॅरिसमध्ये स्टेफान तार्निए यांनी १८८० च्या दशकात अशी पेटी प्रसूतिगृहात प्रथम वापरली आणि अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे पेटीतील मुले तिकीट लावून लोकांना दाखविली. तिकिटाच्या पैशांवर त्याने मुलांचा खर्च भागविला व पालकांकडून काही घेतले नाही. धर्मादाय रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने या माणसाविषयी काय मत बनवावे, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

दुसरा प्रश्न श्वासाचा. फुप्फुसे म्हणजे असंख्य सूक्ष्म फुगे. फुग्यांच्या आतील भिंती ओल्या असतात, आणि ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू जशा एकमेकींना चिकटतात तशा त्या श्वास सोडताच चिकटू पाहतात. त्या चिकटू नयेत म्हणून शरीर एक साबणासारखा पदार्थ तयार करते. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पुरेशा प्रमाणात तयार होण्यास चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडावा लागतो. तो नसला की प्रत्येक श्वास हा पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो. छाती आत ओढली जाते, बाळ कण्हते आणि काही तासांत थकते. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली हे कारण उजेडात आणले. परंतु कारण कळणे आणि उपाय सापडणे यांत वीस वर्षांचे अंतर पडले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये चौतिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन दोन किलोंहून अधिक होते. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पित्याचे ते मूल दोन दिवसांत याच विकाराने गेले. आज त्याच दिवसांचे व त्याच वजनाचे मूल आपल्या विभागात आले, तर डॉक्टर चिंता करतात, पण सामान्यतः ते घरी जाईल असे धरून चालतात.

उपाय दोन. एक, नाकात बसविलेल्या लहान नळ्यांतून हवेचा सौम्य दाब सतत ठेवावयाचा, म्हणजे फुगे मिटत नाहीत. याला सीपॅप म्हणतात; सॅन फ्रान्सिस्कोचे जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली तो नवजात मुलांसाठी मांडला. आपल्याकडे नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडविलेले असते व पाण्यातून बुडबुडे येत राहतात. नातलगांनी या बुडबुड्यांना भिऊ नये. ते येत आहेत याचा अर्थ दाब नीट आहे. दुसरा उपाय म्हणजे सर्फॅक्टंट श्वासनलिकेत थेट सोडणे. जपानचे तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० साली तो यशस्वी केला. हे औषध गाय किंवा डुक्कर यांच्या फुप्फुसांपासून काढलेले असते. कुटुंबाला हे आधी सांगावे, असा नियम मी घालून दिला आहे. आजवर कोणी नकार दिलेला नाही, पण सांगणे आपले कर्तव्य आहे. एका कुपीची किंमत काही हजार रुपये असते. कुपी एकदा उघडली की उरलेले औषध पुढच्या बाळासाठी ठेवता येत नाही. वार्षिक खर्चात 'औषधे' या शीर्षाखाली जो फुगवटा दिसतो, त्याचे एक कारण हे.

थोरल्याला सीपॅप पुरला. धाकट्याला सर्फॅक्टंट दिले, व्हेंटिलेटर लावला. पहिले दोन दिवस तो स्थिर होता. वडील दर दोन तासांनी दाराच्या काचेतून बघून जात. तिसऱ्या रात्री त्याचा रंग एकाएकी पांढुरका पडला. अशा मुलांच्या मेंदूतील रक्तवाहिन्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक असतात. रक्तदाबातील किंचित चढउतारानेही त्या फुटू शकतात, आणि हा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो. डोक्याच्या सोनोग्राफीत रक्तस्राव मोठा दिसला. पहाटे ते बाळ गेले. शेवटचा पाऊण तास सिस्टरांनी त्याला आईच्या कुशीत दिले होते. तारा व नळ्या जितक्या काढता आल्या तितक्या काढल्या होत्या. पूर्वी आपल्याकडे असे करीत नसत. बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणून देत. ही पद्धत बदलावी असा आग्रह परिचारिकांनी धरला आणि तो मान्य केल्याचे मला समाधान आहे.

सकाळी आठ वाजता वडील माझ्या खोलीत आले. उभेच राहिले. म्हणाले, "साहेब, धाकट्याचं बिल किती झालं? ते आधी सांगा, म्हणजे थोरल्याला ठेवायचं का नाही ते घरी बोलता येईल."

हा प्रश्न मी पूर्वीही ऐकला होता, पण इतक्या सरळ शब्दांत नव्हे. मी त्यांना बसविले, शिधापत्रिका मागितली व निर्धन रुग्ण निधीची माहिती दिली. देणगीदारांसाठी येथे थोडे विस्ताराने लिहितो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण देयकाच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते आणि या रुग्णांचा खर्च त्यातून भागवावयाचा असतो. सामान्य शस्त्रक्रिया विभागात हा हिशेब जुळतो. नवजात विभागात तो जुळत नाही. येथे रुग्ण तीन दिवस नव्हे, सहा-सात आठवडे राहतो आणि अशी दोन मुले एकाच महिन्यात आली की निधीचे खाते कोरडे पडते. तूट तेथून येते. त्या दोन्ही मुलांचा खर्च निधीतून झाला. पुढचा भाग सर्वसाधारण देणगी खात्यातून वळता केला. ज्यांनी कोणताही हेतू न लिहिता देणगी दिली, त्यांचे पैसे येथे उपयोगी पडले.

पाचव्या दिवशी आजी आल्या. हातात कोरा कागद आणि पेन. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते, तेव्हा कागद-पेन उशाशी ठेवावयाचे. सिस्टर विभागात ते नेऊ देईनात. जंतुसंसर्गाचा प्रश्न होता. आजी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी म्हटले, "आजी, माझ्या टेबलावर ठेवा. बाळ याच छपराखाली आहे." त्यांनी ठेवले. मग थोडे थांबून त्यांनी मनातले विचारले, "आता आठवा लागेल बाळाला. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणतात. मग आठव्यात गेल्यावर काय?"

ही समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेत आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते म्हणून त्या महिन्यातील जन्म घातक मानला आहे, आणि प्राचीन ग्रीक वैद्यकातही आठमासी मुलावर स्वतंत्र ग्रंथ आहे. परंतु आजचे ज्ञान निःसंदिग्ध आहे. गर्भाशयात घालविलेला प्रत्येक अधिक दिवस बाळाच्या लाभाचाच असतो. आठव्या महिन्यातील मूल सातव्यातील मुलापेक्षा सबळ असते. या समजुतीमुळे आठव्या महिन्यातील मुलाला 'काय उपयोग' म्हणून उपचारांवाचून ठेवलेले मी ऐकले आहे, म्हणून हे ठासून लिहीत आहे. आजींना मी एवढेच सांगितले की, बाळ जसजसे मोठे होईल तसतसे बळकट होईल. त्यांना ते पटले असे वाटले नाही. पण त्या रोज येत राहिल्या.

आता विभागातील दैनंदिन गोष्टींविषयी, विशेषतः ज्यांचे बाळ आत आहे अशा वाचकांसाठी.

मॉनिटरची घंटी वाजली की नातलगांच्या काळजात धस्स होते. प्राणवायूचे प्रमाण कमी झाले की ती वाजते, हे खरे. पण प्रमाण जास्त झाले तरीही वाजते. प्राणवायू अधिक मिळाला तर चांगलेच, अशी आपली कल्पना असते. १९४० व १९५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील उत्तमोत्तम रुग्णालयांनी याच कल्पनेने अपुऱ्या दिवसांच्या मुलांना मुक्तहस्ते प्राणवायू दिला आणि हजारो मुले आंधळी झाली, कारण डोळ्यांच्या पडद्यावरील अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या त्यामुळे विकृत होतात. म्हणून आज प्राणवायू मोजून देतात व रक्तातील प्रमाण साधारणतः ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. हवा व प्राणवायू ठरावीक प्रमाणात मिसळणारा ब्लेंडर यासाठीच लागतो. तो दिसायला सामान्य डबा आहे, त्यामुळे देणगीदार त्याकडे वळत नाहीत.

बाळ श्वास घ्यायलाच विसरते. वीस सेकंद, कधी अधिक काळ. मेंदूतील श्वासाचे केंद्र अजून तयार होत असते. सिस्टर पायाला हलकेच टिचकी मारतात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. यावर दिले जाणारे औषध कॅफीन, म्हणजे आपल्या चहा-कॉफीत असते तेच. काविळीसाठी निळा प्रकाश देतात. त्याचा शोध इंग्लंडमधील रॉचफर्ड येथे एका सिस्टरांच्या निरीक्षणातून लागला. बाळाला उन्हात नेल्यावर उघडे राहिलेले अंग पांढरे व झाकलेले अंग पिवळेच राहिलेले त्यांच्या ध्यानात आले आणि १९५८ साली तेथील डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला. परिचारिकांच्या बैठकीत मी हे नेहमी सांगतो.

दिवसातून वारंवार रक्त का तपासत नाहीत, असेही विचारले जाते. एक किलोच्या बाळाच्या शरीरात सारे रक्त मिळून ८० ते ९० मिलीलिटर असते, म्हणजे आपल्या चहाच्या कपापेक्षाही कमी. प्रत्येक थेंब हिशेबाने घ्यावा लागतो. हा हिशेब मला लगेच समजला.

हात धुण्याविषयी मात्र एकच सांगणे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून, कोपरापर्यंत, साबणाने, पूर्ण वेळ. विश्वस्तांनीही. कोणाचा मान राखण्यासाठी हा नियम शिथिल होणार नाही.

दूध हा या विभागातील सर्वांत महत्त्वाचा पदार्थ आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रिया एका तालात करणे बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्यात जमू लागते. तोवर तोंडातून जठरापर्यंत घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. आरंभी एक-दोन मिलीलिटर. या मातेने दुःखात असताना, दुसऱ्या मजल्यावरील वॉर्डात बसून, दर तीन तासांनी हाताने दूध काढले. पहिल्या वेळी चिकाचे जेमतेम दोन मिलीलिटर निघाले. ती सिरिंज वडिलांनी जिन्यावरून दोन्ही हातांत धरून खाली आणली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना वरचे दूध सोसत नाही. त्याने आतड्यांचा प्राणघातक दाह होण्याचा धोका वाढतो. मातेचे दूध कमी पडले तर दुसऱ्या मातेचे निर्जंतुक केलेले दूध हा उत्तम पर्याय. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दात्या मातांची रक्ततपासणी करून, दूध साडेबासष्ट अंशांवर तीस मिनिटे तापवून, गोठवून ठेवतात. आपल्याकडे अशी पेढी नाही. असावी, असे मला वाटते.

पुढे नळी सुटली तेव्हा बाळाला बोंडल्याने दूध पाजले. आजींना बोंडले धरण्याची जी हातोटी होती ती आमच्या तरुण सिस्टरांना नव्हती. त्या दोन दिवस आजींकडून शिकल्या. बाळगुटी, मध व काजळ यांवर मात्र आजींशी रोज वाद होत असे. मध व गुटी बाळाला देऊ नये, काजळ डोळ्यांत घालू नये. तीट लावली तरी कपाळालाही नको, त्वचा सोलवटते.

सहाव्या दिवसापासून आईने बाळाला उराशी धरले. सीपॅपच्या नळ्या लावलेल्याच होत्या. बाळ फक्त लंगोट व टोपरे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवावयाचे व वरून कापडाने बांधावयाचे, ही पद्धत कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे सुरू केली. गरिबाचा पर्याय म्हणून जन्मलेली ही गोष्ट पुढे सर्वांनी स्वीकारली. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक किलो ते १७९९ ग्रॅम वजनाच्या मुलांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच उराशी धरले असता पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे पंधराशे सत्तर दर दहा हजारी वरून बाराशेवर, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांशाने, घटले. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसच केली. वडील, आजी, मावशी यांपैकी कोणीही निरोगी व्यक्ती हे करू शकते. या बाळाच्या वडिलांना आरंभी संकोच वाटला. नंतर ते रात्रपाळी म्हणून दहा ते दोन बसत.

वरील निष्कर्षानुसार आम्ही पहिल्या दिवसापासून हे करावयास हवे होते. आपण सहाव्या दिवशी केले, कारण आईची खाट दुसऱ्या मजल्यावर आणि विभाग तळमजल्यावर. विभागात मातांना निजण्यास जागा नाही. हा दोष आपला आहे आणि तो यंत्राने दूर होणारा नाही.

येथे मी देणगीदारांच्या रोषाची थोडी जोखीम पत्करतो. आपणांस यंत्रे देणे आवडते. यंत्रावर नाव कोरता येते, उद्घाटन होते, अहवालात छायाचित्र छापले जाते. त्या यंत्रांनीच विभाग उभा राहिला आहे, याची जाणीव आम्हांस आहे. परंतु यंत्राला वार्षिक देखभालीचा करार लागतो, आणि व्हेंटिलेटरवरील प्रत्येक बाळामागे, खरे तर, तिन्ही पाळ्यांत एक एक प्रशिक्षित परिचारिका लागते. परिचारिकेच्या पगारावर नाव कोरता येत नाही. आपल्याकडे शिकून तयार झालेल्या सिस्टर दोन-तीन वर्षांत मोठ्या शहरांत अधिक वेतनावर जातात. त्यांना दोष देता येत नाही. गेल्या वर्षी एका सद्गृहस्थांनी नवे यंत्र देऊ केले असता मी धाडस करून त्याऐवजी मातांसाठी आरामखुर्च्या मागितल्या. ते क्षणभर नाराज झाले, पण विभाग पाहून आल्यावर त्यांनी सहा खुर्च्या दिल्या. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे.

थोरल्याचे वजन पहिल्या आठवड्यात घटले. ते अपेक्षित असते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ते जन्मवजनावर आले आणि मग रोज वीस-बावीस ग्रॅम चढू लागले. सत्तेचाळिसाव्या दिवशी १८४० ग्रॅम वजनाचे बाळ घरी गेले. बाराव्या दिवशी राहून गेलेले बारसे घरी जाण्याच्या आदल्या दिवशी विभागाच्या दाराशी, पाळण्यावाचून, झाले. आजींनी टेबलावरचा कोरा कागद परत मागून नेला.

घरी जाताना देण्यात येणारा कागद पालकांनी जपून ठेवावा. त्यातील तीन गोष्टी वारंवार दुर्लक्षिल्या जातात. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलाच्या डोळ्यांची पडदा-तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे. याच काळात लेसरने अंधत्व टाळता येते, नंतर नाही. बाळ बाहेरून निरोगी दिसते, म्हणून पालक तारीख चुकवितात. दुसरी, श्रवणचाचणी. तिसरी, वय मोजण्याची रीत. अकरा आठवडे आधी आलेले मूल सहा महिन्यांचे झाले, तर त्याची मान धरणे, पालथे पडणे यांची तुलना साडेतीन महिन्यांच्या मुलाशी करावी. शेजारच्या मुलाशी नव्हे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात.

या बाळाची पहिली पडदा-तपासणी चोविसाव्या दिवशी विभागातच झाली व किंचित विकार आढळला. दर पंधरा दिवसांनी तपासणी ठरली. गावाहून दोन बस बदलून यावे लागे. भाडे निधीतून देण्याची तरतूद नियमांत नव्हती, ती विश्वस्तांनी ठराव करून केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिले व वर्षभराने चष्म्याच्या तपासणीसाठी बोलाविले. त्या दिवशी वडिलांनी माझ्या टेबलावर पन्नास रुपयांची पावती फाडावयास सांगितली. नाव कोणाचे लिहू, असे विचारता त्यांनी धाकट्याचे नाव सांगितले. बारशाच्या दिवशी घरच्यांनी त्याचेही नाव ठेवले होते, हे मला तेव्हा कळले.

विभागास आवश्यक असलेल्या वस्तूंची व पदांची यादी लेखापरीक्षित ताळेबंदानंतरच्या पानावर दिली आहे. मातांच्या खोलीसाठी तळमजल्यावरील जुन्या भांडारगृहाचा आराखडा कार्यालयात पाहावयास मिळेल.